अडून राहिलेलं गाऱ्हाणं

“पयलो अर्ज पडान आसा. दुसरो खंयच्या तोंडान घालू?”

एवढं बोलून मामा हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवायचे. बोटाने कधी नाही. ज्या जागेला राखणदार देव आहे तिच्याकडे बोट करू नये, असं त्यांचं म्हणणं. पलीकडे होतं काय, तर गंजक्या पत्र्यांचं कुंपण, कुंपणावरून डोकावणारा चार मजल्यांचा सांगाडा, भिंती नसलेल्या मजल्यांवर उगवलेलं रान आणि एक भला मोठा फलक. फलकावर काचेची इमारत होती आणि खरेदीच्या पिशव्या घेऊन निघालेली एक हसरी बाई होती. उन्हापावसाने बाईचं तोंड पुसून टाकलं होतं, पिशव्या तेवढ्या शाबूत होत्या.

तुमच्याही गावात असं एखादं बांधकाम असेलच. खाली दुकानं, मधल्या मजल्यावर बँक आणि दवाखाना, वर फ्लॅट, असं काहीतरी व्हायचं असतं आणि वर्षानुवर्षं ते होतच असतं. डिचोलीत आमच्या वाड्यावर ते ‘कॉम्प्लेक्स’ या एकाच नावाने ओळखलं जायचं. तुमच्याकडे नसेल ते एवढंच, की हे काम रखडल्याची लाज बिल्डरला नव्हती, पालिकेला नव्हती, ती एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरला होती.

मामांचं खरं नाव सांगत नाही. वाड्यावरही ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी सुर्लाला खनिजाच्या ट्रकवर आले, आमच्या वाड्यावर भाड्याने राहिले आणि इथलेच होऊन गेले. खाणी बंद पडल्या तेव्हा इतरांसारखी आदळआपट न करता घरी बसले आणि दाराशी अबोलीचे वाफे केले. उंची बेताची, पोट थोडं सुटलेलं, मान ट्रकवाल्यांची असते तशी किंचित डावीकडे झुकलेली. पण ही सगळी वरवरची ओळख. मामांची खरी ओळख म्हणजे त्यांचं गाऱ्हाणं.

आमच्याकडे भटजींनी पूजा सांगितली म्हणून कार्य पुरं होत नाही. त्यानंतर कुणीतरी पुढे होऊन, देव म्हणजे समोर बसलेला घरचा वडीलधारा आहे असं समजून, आपल्या बोलीत त्याला सगळं सांगावं लागतं. कोण आलंय, कशासाठी आलंय, काय हवंय, काय चुकलं असेल तर पोटात घाल. हे गाऱ्हाणं. प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मामा चपला काढून उभे राहिले, डोळे मिटून खाकरले, की कुजबुजणाऱ्या बायका गप्प व्हायच्या. आवाज असा की पत्र्याच्या छपरावर बसलेले कावळे उडावेत.

मी लाटंबार्स्याच्या शाळेत मराठी शिकवते. रोजची जा-ये सोपी व्हावी म्हणून स्कूटर घेतली, तेव्हा आमच्या ह्यांनी मामांना बोलावलं. नारळ ठेवला, मामा उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, ह्या बायन आज नवी गाडी घेतल्यान. गाडी बरी आसा, पण चलवणारी तापट आसा. तिका वळणार ब्रेक मारूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा. मी त्या दिवशी दिवसभर कुणाशी बोलले नाही. पण खोटं कशाला सांगू, वळणावर आजही ब्रेक मारते.

मामांच्या गाऱ्हाण्याला एक शेवट ठरलेला असायचा. “काम पुरा होय सर तुजो भार माजेर रे म्हाराजा!” ही सवय ट्रकच्या दिवसांतली. पहाटे पहिल्या फेरीआधी सगळे ड्रायव्हर मामांभोवती जमायचे आणि मामा देवाला सांगायचे, की ही माणसं सुखरूप परत येईपर्यंत त्यांची जबाबदारी माझी, काही बरंवाईट विचारायचं तर मला विचार. संध्याकाळी ट्रक परत आले की तो भार उतरायचा. मामा हातपाय धुऊन मोकळे.

कॉम्प्लेक्सच्या पायाभरणीला त्यांनी हेच वाक्य म्हटलं.

तो दिवस मला चांगला आठवतो. मोकळ्या जागेत मांडव होता, खुर्च्या होत्या, शहरातून आलेले भटजी होते. बिल्डर पांढऱ्या शर्टात आला होता. पूजा झाली, तशी वाड्यावरची माणसं चुळबुळू लागली. त्या जागेच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड होता, आमच्या आधीपासूनचा. त्याला न विचारता खणायचं कसं? बिल्डर शहाणा माणूस, हसून म्हणाला, “विचारा ना, तुमचा देव तो माझा देव.” मामांना पुढे केलं.

मामांनी राखणदाराला झाडं तोडण्याबद्दल क्षमा मागितली. इथे दुकानं होतील, वाड्यावरच्या पोरांना काम मिळेल, दवाखाना होईल, म्हाताऱ्यांना लांब जावं लागणार नाही, नवी माणसं राहायला येतील, त्यांनाही आपली म्हण, असं सगळं खुलवून सांगितलं. आणि शेवटी नेहमीच्या सवयीने, काम पुरं होईपर्यंत भार माझ्यावर. “होय म्हाराजा!” आम्ही सगळे एका सुरात ओरडलो. दवाखाना होणार म्हणून मला तर खरंच आनंद झाला होता.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला सांगायला नको. वर्ष-दोन वर्षं धडाक्याने काम, मग भागीदारांचं भांडण, मग परवानगीचा घोळ, मग कोर्ट. दर गणेशचवथीला बातमी यायची, की पुढच्या चवथीच्या आत दुकानं उघडणार. मुख्य रस्त्यावर जाणारी आमची पायवाट पत्र्यांच्या आत गेली, ती गेलीच. तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलं आणि वाड्यावर डासांचं राज्य आलं. वारा सुटला की सैल पत्रे बडवले जायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या जनेलातून पूर्वी सकाळचं ऊन ओट्यापर्यंत यायचं, आता तिथे सिमेंटचा खांब दिसतो. पाववाला पोदेर पूर्वी भोंपू वाजवत दारात उंडे द्यायचा, आता वळसा कोण घालणार म्हणून कोपऱ्यावरूनच परत फिरतो.

मी गप्प बसणारी नव्हे. समिती केली, अर्ज लिहिले, पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या. मामा प्रत्येक वेळी बरोबर यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसायचे. एकदा साहेबांनी विचारलं, “तुमचा फ्लॅट बुक केलेला आहे का?”

“नाय.”

“मग दुकान?”

“नाय.”

“मग तुमचा संबंध काय?”

“मी सांगलंय,” मामा म्हणाले.

“कोणाला सांगितलंत? लेखी आहे का?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना आणि साहेबांचा राग वाढला. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “गे बाय, बरो माणूस तो. पण तेका कोणी कधी काय सांगलेला दिसना नाय.”

काम बंद पडल्यापासून मामांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं होतं. आम्हाला ते लगेच कळलं नाही. कुणाच्या गृहप्रवेशाला त्यांचा घसा बसलेला असायचा, कुणाच्या दुकानाच्या दिवशी ते गावी गेलेले असायचे. मग शेजारच्या पोरीचं लग्न ठरलं, तिचे वडील घरी येऊनच बसले, तेव्हा मामांनी हनुवटीने पलीकडे दाखवलं आणि ते अर्जाचं वाक्य पहिल्यांदा बोलले. देवाकडे एक काम टाकलंय, ते झालेलं नाही, वर पुन्हा दुसरं कसं टाकायचं, असा सरळ हिशेब. लोकांनी समजावलं, चेष्टा केली, काहींनी मागून नावंही ठेवली. हळूहळू लोक दुसऱ्या वाड्यावरचा माणूस आणू लागले. तोही बरा होता, पण गाऱ्हाणं शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणून टाकायचा. आम्ही ‘होय म्हाराजा’ म्हणायचो आणि नकळत मागे वळून पाहायचो. मामा सगळ्यांच्या मागे, चपला काढून, हात जोडून उभे असायचे.

मला या प्रकाराचा संताप यायचा. देवाधर्माचं मला विशेष नाही, पण ज्या माणसाचं चुकलं नाही त्याने शिक्षा भोगावी हे डोक्यात जातं. तरीही हे सारं चेष्टेवारी निभावलं असतं. मामांची लेक माहेरी आली आणि चेष्टा संपली.

ती आमोण्याला दिलेली. एकुलती एक, शांत स्वभावाची, मामांच्या अगदी उलट हळू बोलणारी. दोनदा तिचं पोटातलं गेलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस होते आणि डॉक्टरांनी खाटेवरून उठायचं नाही असं बजावून ठेवलं होतं. मामी दिवसरात्र तिच्याजवळ. औषधं चालू होती, डॉक्टर चांगले होते, काही कमी नव्हतं. पण मामींचं म्हणणं एकच, की जगातल्या सगळ्या ट्रकांसाठी, स्कूटरांसाठी, दुकानांसाठी ज्याने देवाला हाक मारली, त्याने आपल्या लेकीसाठी एक शब्द टाकावा.

मामा टाकेनात.

मामींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहा समोर ठेवायच्या तो कप आपटून. मामा तो थंड होईपर्यंत बघत बसायचे. लेक आतून म्हणायची, “आई, नको गे त्यांका त्रास दिवू.” मी डबा द्यायला जायचे तेव्हा हे सगळं पाहायचे आणि घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर आग पाखडायचे.

एके दिवशी शाळेतून परतताना मामा अबोलीला पाणी घालताना दिसले. स्कूटर तिथेच उभी केली.

“मामा, तुमची लेक आत पडलीय आणि तुम्ही झाडांना पाणी घालता?”

त्यांनी बाल्दी खाली ठेवली.

“तो बिल्डर गाडीतून फिरतोय. आणि भार तुमच्यावर?”

“बिल्डरान खंय सांगला?” मामा म्हणाले. “सांगलंय मी. काम पुरा होय सर माका विचार म्हटलंय. आता तेच्याम्होरे कसो जावू? तो विचारतलो, पयल्याचा काय जाला? काय सांगू?” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “गे बाय, माका भिया वाटता. मी मागीन आणि तो पयल्याचा वसूल करून घेतलो. हेच्यातसून.” आणि त्यांनी घराकडे पाहिलं.

तेव्हा मला कळलं. हा हट्ट नव्हता, मानपान नव्हता. लेकीचं नाव त्या जागेसमोर काढायलाच हा माणूस घाबरत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण माझा स्वभाव असा, की रडू आलं तरी भांडणाच्याच सुरात बोलते.

“मामा, आम्ही सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं होतं ना? मग एकट्यावर भार कसा?”

“तुमी फकत होय म्हटलात. सांगलंय मी.”

“मग आता मी सांगते,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही वाड्यावरची माणसं पत्र्यांच्या फटीतून आत शिरलो. समितीची झाडून सगळी माणसं होती. ज्यांनी मामांना नावं ठेवली होती तीही होती. मामी लेकीजवळ शेजारणीला बसवून आल्या होत्या, पण मामांपासून लांब उभ्या राहिल्या. लोखंडी सळ्या, शेवाळ, फुटकी पोती यांच्यामधून वाट काढत राखणदाराच्या दगडापर्यंत पोचलो. त्याच्याभोवती गवत वाढलं होतं, ते आमच्या ह्यांनी हाताने उपटलं. नारळ ठेवला. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर कुरकुरले, “बायलमनशान गाऱ्हाणां घालूचा? ही खंयची पद्धत?”

मामा म्हणाले, “घालू दी. हिचो आवाज म्युनिसिपालिटीत पोचता, हंय पोचना नाय?”

मी चपला काढल्या, डोळे मिटले. तुम्हाला सांगते, वर्गात पन्नास पोरांपुढे न अडखळणारी मी, माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘विषय’. इतकी वर्षं अर्ज लिहून लिहून जिभेला तेच वळण पडलं होतं. “विषय, ह्या जागेचं बांधकाम...” मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

“देवा म्हाराजा, मला तुझ्याशी बोलता येत नाही. पण या जागेचं काम मामांनी अडवलेलं नाही, हे तुला दिसतंय. त्यांनी आमच्यासाठी सांगितलं. पोरांना काम मिळावं, आम्हाला दवाखाना मिळावा, म्हणून सांगितलं. त्यांनी आजवर खूप वाहिलं. आजपासून या कामाचा भार आम्हा सगळ्यांवर. काही विचारायचं असेल तर आम्हाला विचार. त्यांना मोकळं कर.”

“होय म्हाराजा!”

त्या आवाजात मामांचा आवाज मला वेगळा ऐकू आला. इतकी वर्षं ते मागे नुसते हात जोडून उभे असायचे, ‘होय’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. डोळे उघडले तर ते शर्टाच्या बाहीने तोंड पुसत होते.

“आता तुम्ही,” मी म्हणाले आणि बाजूला झाले.

मामा पुढे आले. खाकरले. आम्ही सगळे वाट पाहत होतो. किती वर्षांनी तो आवाज ऐकायला मिळणार होता! ट्रकांच्या टायरांपासून माझ्या ब्रेकपर्यंत देवाला तपशीलवार समजावणारा माणूस, लेकीसाठी काय काय मागेल, असं प्रत्येकाच्या मनात असणार.

“बा देवा म्हाराजा,” मामा म्हणाले. “माजा चेडू...”

आणि थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पलीकडच्या रस्त्यावरून बस गेली. मामा एकदा घराच्या दिशेने वळले, पुन्हा दगडाकडे वळले, आणि अगदी हळू, लेकीच्याच आवाजात म्हणाले, “तुका ठावक आसा.”

एवढंच. ‘होय’ कधी म्हणायचं हे आम्हाला कळेना. इतकं लहान गाऱ्हाणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा मामी आपली लांबची जागा सोडून पुढे आल्या, मामांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “होय म्हाराजा.” मग आम्ही सगळे म्हणालो.

लेकीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी झाली, इवलीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आता अंगणवाडीत जाते आणि उंड्याचा मऊ भाग खाऊन कडा टाकून देते. हे देवाने केलं की डॉक्टरांनी, यावर मामांशी मी कधी वाद घातला नाही. त्यांनीही काही श्रेय कुणाला दिलं नाही. ते पुन्हा लोकांची गाऱ्हाणी घालू लागले होते, पण आता ती आटोपशीर असायची, पूर्वीसारखी रंगवून सांगत नसत. “भार माजेर” मात्र अजून म्हणायचे. मी डोळे वटारले की “भार आमच्यार” अशी दुरुस्ती करायचे.

गेल्या वर्षी ते गेले. दुपारचं जेवण झालं, आडवे झाले, उठले नाहीत. वाड्यावर त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटली नाही. कॉम्प्लेक्स जसं होतं तसंच होतं. आम्हीही होतो तिथेच, दर महिन्याला पालिकेत, हातात नवा अर्ज घेऊन.

यंदा जागा नव्या मालकाकडे गेली. आम्ही अर्थातच विश्वास ठेवला नाही. पण एका सकाळी खरंच ट्रक आला, वाळू उतरली, मिक्सर आला. आम्ही हातातली कामं टाकून धावलो, पायांतल्या चपला काढून पत्र्यांच्या आत राखणदारासमोर उभे राहिलो. मामीही आल्या, नातीचा हात धरून. ठेकेदाराच्या माणसाला कुणीतरी सांगितलं होतं, की इथे आधी काहीतरी बोलतात, तोपर्यंत थांब. तो बिचारा मिक्सरच्या बटणावर हात ठेवून थांबला.

बोलणार कोण? पोस्टमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामींकडे पाहिलं. कुणीच पुढे झालं नाही. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आम्ही नुसते उभे होतो. मग मागून कुणीतरी, कुणी ते मला कळलं नाही, “होय म्हाराजा” म्हणालं, आणि त्यामागून सगळे म्हणाले.

ठेकेदाराच्या माणसाने गोंधळून आमच्याकडे पाहिलं. “हो गया क्या?”

मामींनी पदराने डोळे टिपले.

“जाला,” त्या म्हणाल्या. “कर सुरू.”